मॅगझीन-खटका, पिस्तुलातील
पिस्तुलाच्या मुठीत बसविलेली काडतुसांची सुटी पेटी जागेवर धरून ठेवणारा, स्प्रिंगच्या दाबाने चालणारा भाग. बोर्खार्ट पिस्तुलात (१८९३) तो बटनाच्या रूपात होता. जॉन ब्राउनिंग याने १९०० च्या पिस्तुलात तो मुठीच्या तळाशी, मागील कडेस बसविला. त्यामुळे पेटी चुकून सुटत नसे; परंतु ती काढण्यास दुसरा हात लागे. १९०९ पर्यंत प्रचारात आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांत हीच रचना होती. वि. दा. सावरकर यांनी लंडनहून अशी २० पिस्तुले भारतात पाठविली. त्यांपैकी एकाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेल्या पिस्तुलात ब्राउनिंगनेच खटका चापामागे आणला. तेव्हापासून अंगठ्याने दाबताच पेटी सुटू लागली.