खानदेशातील धूळ आणि व्हॅक्यूम क्लीनरचे दावे

तापीच्या दक्षिणेस, पांझरा आणि बुराई या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला खानदेशातील शिंदखेडा तालुका हा अवर्षणप्रवण प्रदेश असून, होळीनंतर मृगाच्या पावसापर्यंत येथील वारा नांगरून पडलेल्या रानांची माती उचलून गावांत आणतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यात पाचोळ्याची व तंतूंची भर पडते. घर स्वच्छ ठेवण्याच्या येथील जुन्या रीती धूळ घरात येणारच हे धरून घडल्या आहेत. विसाव्या शतकात जाहिरातींतून पुढे आलेल्या व्हॅक्यूम क्लीनरचे दावे खरे की खोटे, हा प्रश्न या प्रदेशापुरता विचारायचा तर प्रथम या रीतींकडे पाहावे लागते.

खानदेशातील जुने घर बहुधा धाब्याचे, म्हणजे तुळया व किलचने यांच्यावर मातीचा थर चोपून केलेल्या सपाट छपराचे असे. भिंती मातीच्या, जमीन शेणाने सारवलेली आणि वरून छताची माती थोडीथोडी झरत राहणारी, अशा घरात धूळ कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते हे सांगणे अवघड होते. म्हणून धूळ उचलून टाकण्यापेक्षा ती बसवण्यावर भर असे: झाडण्यापूर्वी पाण्याचा हबका मारला जाई, अंगणात शेणसडा पडे, आणि जमिनीचा पापुद्रा सुटू लागला की त्यावर नवे सारवण चढे. जोरदार शोषणाचे यंत्र अशा जमिनीवर फिरवले असते तर कचऱ्यासोबत जमीनही त्याच्या पिशवीत गेली असती. झाडण्याची केरसुणी शिंदीच्या पानांची असे. ती आणि दोरखंड तयार करणे हे मातंग समाजाचे परंपरागत काम होते व त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी म्हणून पुजली जाणारी ही वस्तू ज्यांच्या हातची, त्यांची वस्ती मात्र गावकुसाबाहेर ठेवली गेली होती, हेही या इतिहासात नोंदवणे भाग आहे.

वर्षातून एकदा होणारी मोठी स्वच्छता खानदेशात दिवाळीइतकीच कानबाई देवीच्या उत्सवाशी जोडलेली आहे. श्रावणात येणाऱ्या या उत्सवापूर्वी घरे रंगवली जातात, भांडी घासून काढली जातात आणि घरातील अंथरूण-पांघरूण धुतले जाते. उन्हाळ्यात गाद्या व गोधड्या धाब्यावर तापत घालण्याची सवयही अशीच उपयुक्त होती, कारण अंथरुणात राहणारे व दम्याला कारण ठरणारे धुळीतील सूक्ष्म माइट दमट हवेवर जगतात आणि खानदेशातील कोरड्या, चाळीस अंशांपलीकडच्या उन्हात त्यांचा निभाव लागणे कठीण असते.

व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म याच्या अगदी उलट प्रकारच्या घरांत, म्हणजे थंड हवेच्या, बंद खिडक्यांच्या आणि गालिचे अंथरलेल्या घरांत झाला. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ याने 1901 मध्ये केलेले यंत्र इतके मोठे होते की ते घोड्यांनी ओढून रस्त्यावर उभे करावे लागे व त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर या दम्याने त्रस्त असलेल्या झाडूवाल्याने हाताने ढकलण्याजोगे यंत्र बनवले, 1908 मध्ये त्याचे पेटंट मिळाले, आणि हूवर कुटुंबाने ते विकत घेऊन घरगुती वापरासाठी खपवले. यंत्राबरोबरच विक्रीची एक पद्धतही रूढ झाली, ती म्हणजे ग्राहकाच्या घरी जाऊन, त्याच्याच गालिच्यातून निघालेली माती त्याला दाखवणे.

भारतात ही पद्धत रुजवली ती मुंबईत 1982 मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीने स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्स या कंपनीने. तिच्या ‘युरोक्लीन’ यंत्राची विक्री दारोदार जाणाऱ्या प्रतिनिधींकरवी होई आणि शहरी मध्यमवर्गाला गादीतून निघालेल्या धुळीचे प्रात्यक्षिक परिचयाचे झाले. अशा प्रात्यक्षिकात लबाडी असते असे नव्हे; निघालेली धूळ खरीच असते. परंतु त्यावरून यंत्राने किती ओढले एवढेच कळते. गादीत किती उरले, आणि चार दिवसांनी पुन्हा किती साचेल, हे कळत नाही. वॅटचे आकडेही असेच फसवे आहेत, कारण वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते याचे माप असून शोषणाची शक्ती नळी, जाळी, हवेची गळती आणि पिशवी किती भरली आहे यांवर ठरते. युरोपीय संघाने 2014 पासून या यंत्रांची कमाल मर्यादा 1600 वॅट व 2017 पासून 900 वॅट केली ती यामुळेच. 2014 पासूनच सक्तीची केलेली ऊर्जापट्टी मात्र रिकाम्या पिशवीच्या चाचणीवर आधारलेली होती. डायसन कंपनीने त्यास आव्हान दिले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो नियमच रद्द केला. म्हणजे दाव्यांची पारख करणारे मापही वापराच्या खऱ्या स्थितीपासून दूरच होते. स्त्रीचे श्रम वाचवण्याच्या आश्वासनाबद्दल अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 मध्ये दाखवून दिले की यंत्रांमुळे स्वच्छतेची अपेक्षा वाढली, पण गृहिणीचे कामाचे तास फारसे घटले नाहीत.

खानदेशातील घरांत सारवणाची जागा कोबा, शहाबादी फरशी आणि पुढे टाइल्सने घेतली, तेव्हा यंत्र चालवता येईल अशी जमीन तयार झाली खरी, पण गुळगुळीत फरशीवर केरसुणी आणि ओले फडके हेच काम वेगाने करतात, आणि दार दिवसभर उघडे राहणाऱ्या घरात सकाळी ओढलेली धूळ दुपारी परत येते. 2005 नंतरच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सोसलेल्या दीर्घ भारनियमनात विजेवर चालणारा झाडू कितपत उपयोगी पडला असता, हे वेगळे सांगायला नको.

शोषणाचे तत्त्व मात्र खानदेशात दुसऱ्या वाटेने स्थिरावले. केंद्र सरकारने 2000 मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनिंग कारखान्यांचे, म्हणजे सरकी व रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे, आधुनिकीकरण झाले; तेथे कापूस टोपल्यांनी वाहण्याऐवजी हवेच्या दाबाने नळ्यांतून ओढला जाऊ लागला आणि वाटेतच त्यातील माती व पाचोळा वेगळा होऊ लागला. या व्यवहारात यंत्राने किती कचरा काढला हे कोणी विचारत नाही. व्यापारी रुईचा नमुना घेतो, तिच्यात उरलेल्या कचऱ्याची टक्केवारी पाहतो आणि त्यावरून भाव लावतो.