बॉनेटवरचं मेण

नव्या मोटारीला मेण लावू का, असं कुणी १९०५ साली विचारलं असतं, तर रंगाऱ्याने त्याला एवढंच बजावलं असतं की गाडी तबेल्यात ठेवू नका. तेव्हाची मोटार म्हणजे घोडा सोडून इंजिन जोडलेली बग्गी, आणि तिचा रंगही बग्गीचाच. आधी शिशाच्या अस्तराचे थर, ते प्युमिस दगडाने घासून सपाट करायचे, मग रंगाचे हात, मग व्हार्निशचे हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. एक गाडी रंगून बाहेर पडायला तीन-चार आठवडे सहज जात. वरचं व्हार्निश जवसाच्या तेलात कोपल नावाची राळ शिजवून केलेलं. ही राळ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत जमिनीतून खणून काढत आणि झांझिबारहून तिचा बराच माल मुंबईमार्गे युरोपात जाई. विलायती बग्ग्यांच्या झळाळीत आपल्या बंदराची थोडी हमाली होती म्हणायची.

या व्हार्निशला दोन गोष्टी सोसत नसत. एक, अंगावर वाळलेला चिखल, आणि दुसरी, तबेल्यातल्या मुताचा अमोनिया. म्हणून फेरी मारून आलं की लगेच थंड पाण्याने धुवा, मऊ कमावलेल्या कातड्याने टिपून घ्या, अशी ताकीद असे. सगळा भर पाण्यावर, मेणावर नाही. व्हार्निश तडकलं की आणखी एक हात.

मेण तोवर फर्निचरचं आणि जमिनीचं होतं. फ्रँक मेगवायर याने १९०१ साली अमेरिकेत पॉलिश विकायला सुरुवात केली ती लाकडी फर्निचरसाठी. मोटारीचं म्हणून नाव झालेलं पहिलं मोठं मेण शिकागोचं, १९१० सालचं, जॉर्ज सायमन्सचं 'सिमोनाइझ'. पण मेणाला खरे दिवस आले ते रंगाची जातच बदलली तेव्हा. गाडीवर काय लावायचं हे प्रत्येक पिढीत त्या पिढीच्या रंगाच्या दुखण्यावरून ठरत आलंय. दुखणं गेलं तरी औषध विकलं जातच राहतं, आणि आजच्या शोरूममधला निम्मा गोंधळ तिथूनच येतो.

रंग बदलला तो युद्धाने. पहिल्या महायुद्धात बिनधुराच्या दारूसाठी ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचं उत्पादन प्रचंड वाढवलं. युद्ध संपलं, कारखाने उरले. त्याच नायट्रोसेल्युलोजपासून गनने फवारता येईल असं पातळ लॅकर निघालं, ड्यूको. जनरल मोटर्सने ते १९२३ मध्ये ओकलंड गाडीच्या नव्या, म्हणजे १९२४ च्या मॉडेलवर चढवलं, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग याची एक गोष्ट सांगतात. रंग इतक्या लवकर वाळणं शक्यच नाही, असं म्हणणाऱ्या एका रंगवाल्याला त्याने जेवायला नेलं, आणि जेवून दोघे बाहेर येतात तो पाहुण्याची गाडी दुसऱ्याच रंगात उभी. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून फक्त काळ्या रंगात मिळत होती आणि आता गिऱ्हाइकाला निळी, हिरवी, तांबडी गाडी दिसू लागली, हे खरं. १९२५ संपता संपता फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला.

लॅकरचं दुखणं मात्र पहिल्या उन्हाळ्यापासून दिसलं. हा रंग वाळतो तो आतलं द्रावक उडून जाऊन. तेलाच्या व्हार्निशसारखा तो हवेशी संयोग पावून घट्ट होत नाही. गनमधून आलेला थर मंदच दिसे, चमक घासून काढावी लागे. आणि ऊन खाल्लं की वरचा पापुद्रा भुसभुशीत होऊन रंगद्रव्य सुटं पडे. बॉनेटवरून बोट फिरवलं की बोटाला पूड. म्हणजे कामं दोन झाली, मेलेला थर काढायचा आणि खालचा जिवंत थर झाकायचा. सिमोनाइझचे डबेही दोनच होते, एक घासून साफ करणारा आणि दुसरा मेणाचा. रविवारची दुपार त्यात जाई.

या दुसऱ्या डब्यातल्या मेणाचं गाव ईशान्य ब्राझीलमध्ये आहे, आणि जवळपास फक्त तिथेच. सिआरा, पिआउई, रिओ ग्रांदे दो नॉर्ते या राज्यांत पावसाळा आटोपला की पुढे महिनोन्‌महिने कोरडं ऊन असतं. तिथे नदीकाठच्या सखल जमिनीत कार्नौबा नावाचा ताड वाढतो, पंख्यासारख्या पानांचा. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचं कवच चढवतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला कोपर्निकसचं नाव दिलंय. सूर्याला मध्यावर बसवणाऱ्याचं नाव सूर्यापासून पान वाचवणाऱ्या झाडाला, हा योगायोग मला आवडतो.

कोरड्या महिन्यांत लांब बांबूच्या टोकाला वाकडं पातं बांधून पानं उतरवतात. उन्हात पसरतात, वाळली की चिरून झोडपतात. मेण भुकटी होऊन झडतं. ही भुकटी इतकी हलकी की वारा आला तर कमाई उडते, म्हणून झोडणी जुन्या काळी दारं-खिडक्या लावून चाले. न उमललेल्या कोवळ्या पानांचं मेण फिकट पिवळं आणि महाग, पिकल्या पानांचं काळपट आणि स्वस्त. मग वितळवायचं, गाळायचं, थापून गार करायचं आणि फोडून पोत्यांत भरायचं. काम हंगामी, कंत्राटाचं, आणि ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांना अलीकडच्या वर्षांतही या ताडवनांत गुलामीसारख्या स्थितीत राबणारे मजूर सापडले आहेत.

गाडीसाठी हेच मेण का, याचं उत्तर तापमानात आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ ला. वैशाखात भर दुपारी काळ्या बॉनेटचा पत्रा ७० च्या आसपास जातो. तिथे मधमाशीचं मेण पाघळेल, धूळ धरेल. कार्नौबा तग धरतं, आणि त्याच्या थराला खोल, ओलसर वाटणारी चमक असते. पण नुसतं कार्नौबा इतकं टणक की ते पत्र्यावर पसरणारच नाही. टर्पेंटाइनसारख्या द्रावकात आणि मऊ मेणांत ते मिसळावंच लागतं. तेव्हा डब्यावर 'शंभर टक्के कार्नौबा' असं छापलेलं असलं तर त्याचा अर्थ फार तर एवढाच की आतलं जे काही मेण आहे ते कार्नौबाचं. बाकीचा डबा कशाने भरलाय ते तिथे लिहीत नाहीत.

या ताडावर किती जणांचं पोट अवलंबून होतं ते १९३५ मध्ये दिसलं. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावची जॉन्सन कंपनी जमिनीचं मेण विकून मोठी झाली होती. तिचा मालक एच. एफ. जॉन्सन पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन थेट ब्राझीलला गेला, पुढच्या पिढीला पुरतील एवढे ताड तिथे आहेत का ते बघायला. ताड होते. परत येऊन त्याने कंपनीचं मुख्यालय फ्रँक लॉइड राइटकडून बांधून घेतलं, आणि आर्किटेक्चरची मुलं आजही त्या इमारतीचे खांब अभ्यासतात. तांत्रिकदृष्ट्या ते सगळं ताडाच्या पानावर उभं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घासाघीस कमी झाली. शिकागोतच बेन हर्श नावाच्या माणसाने १९४० च्या दशकात बाटलीतलं पातळ पॉलिश विकायला काढलं होतं, तेच पुढे 'टर्टल वॅक्स' झालं. मग पॉलिशमध्ये सिलिकोन आलं. सिलिकोनमुळे मेण लोण्यासारखं पसरू लागलं आणि हलक्या हाताने पुसून निघू लागलं. रंगकामवाल्यांनी मात्र त्याला शिव्या घातल्या, कारण पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला की नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. गॅरेजमध्ये 'फिश आय' म्हणतात ते हेच.

आपल्याकडे ही सगळी परंपरा पद्मिनी आणि अँबॅसेडरपर्यंत नीट पोचली. रंग एकाच जातीचा, वर पारदर्शक थर नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घासली की फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. लाल गाडी उन्हाने गुलाबी पडायची आणि पॉलिश फिरवलं की पुन्हा लाल. मेणाने काय होतं हे डोळ्यांना दिसत होतं, त्यामुळे कुणाला पटवावं लागत नसे.

आजच्या गाडीवर फडकं रंगत नाही. १९८० च्या दशकापासून जगभरच्या कारखान्यांत पद्धत बदलत गेली: खाली प्रायमर, त्यावर पातळ रंग, आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, अतिनील किरण शोषणारी रसायनं घातलेला. ऊन आता त्याच्याशी झगडतं, रंगद्रव्य खाली सुरक्षित असतं. ज्या दुखण्यासाठी मेण गाडीवर आलं, ते दुखणं कारखान्यातच बरं होऊन येतं.

जुने नियम मात्र तोंडात राहिले. नव्या गाडीला तीन महिने मेण लावू नका, रंगाला श्वास घेऊ द्या, असं जाणकार म्हणवणारे आजही सांगतात. हा नियम गॅरेजमधल्या रंगकामाचा आहे. तिथे रंग कमी उष्णतेवर वाळवतात आणि आतलं द्रावक पुढे काही आठवडे निघत राहतं. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. शोरूमला येईपर्यंत त्यातून निघायचं ते निघून गेलेलं असतं. मेण लावायचं तर पहिल्या दिवशी लावा. थांबायचं ते बंपर ठोकून पुन्हा रंगवला तर, आणि तेही रंगकाम करणारा सांगेल तितकं.

शोरूममध्ये मेणाचं नाव कुणी काढत नाही म्हणा. मध्यंतरीची बरीच वर्षं तिथे टेफ्लॉनचं राज्य होतं. टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला ड्यूपाँमध्येच सापडलं, म्हणजे ड्यूकोच्याच घरातलं. पण ते वितळतं ३२७ अंशांना, आणि तव्यावर बसतं ते खालचा पत्रा खरखरीत करून भट्टीत भाजल्यावर. गाडीवर हे कोण करणार? जगात कशालाच न चिकटणारी वस्तू नुसती पुसून गाडीला कशी चिकटेल, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नसे आणि विक्रेताही आठवण करून देत नसे. चमक यायची ती त्यातल्या मेणाची आणि सिलिकोनची.

त्या मानाने सिरॅमिक कोटिंगमागे खरी रसायनविद्या आहे. जपानमध्ये 'ग्लास कोटिंग' म्हणून रुजलेला हा प्रकार. सिलिकॉनची संयुगं हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात आणि क्लिअर कोटला धरून बसतात. मेण आपल्या पावसात काही आठवडे टिकतं, हे नीट लावलं तर वर्ष-दोन वर्षं. पण त्याची जाहिरात ऐकताना कान उघडे ठेवावेत. '९ एच' हा आकडा हिऱ्याच्या बाजूचा असल्यासारखा सांगतात. तो आहे पेन्सिलीचा. वेगवेगळ्या कठीणपणाच्या शिसपेन्सिली ठरावीक दाबाने थरावर ओढून बघायच्या, ओरखडा पडतो का. ९ एच ही त्या संचातली सगळ्यांत कठीण पेन्सिल. रस्त्यावरच्या धुळीत असते ती गारगोटी, पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण, आणि कोटिंगचा थर असतो एखाद-दोन मायक्रॉनचा. शिवाय पाण्याचे टपोरे थेंब व्हिडिओत छान दिसतात, पण सोसायटीचं बोअरचं पाणी असलं तर तेच थेंब जागच्या जागी वाळून क्षारांचे गोल ठसे उठवतात.

दगडाच्या टवक्याला खरा अडसर एकच, पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. याचं कुळ अगदी वेगळं, त्यात ताड नाही की पॉलिश नाही. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजत, त्यावर उपाय म्हणून थ्री एम कंपनीची पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवली गेली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि मग आपल्या. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. पूर्ण गाडीला लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. रोज एक्स्प्रेस वेवर ट्रकच्या मागे धावणाऱ्या गाडीचं बॉनेट आणि पुढचा बंपर झाकून घ्यावा. डेक्कन ते कोथरूड करणाऱ्या गाडीला मला तरी ती चैन वाटते.

बाकीच्यांनी साधं पॉलिमर सीलंट किंवा बरं कार्नौबा घ्यावं, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा हाताने लावावं. उन्हाला आता ते नसलं तरी चालेल. ते हवं पक्ष्यांच्या विष्ठेसाठी आणि पर्जन्यवृक्षाखालच्या चिकट्यासाठी. दोन्ही गोष्टी तापल्या पत्र्यावर क्लिअर कोट खातात, आणि मेण असलं की पुसायला थोडी सवड मिळते. पैसे वाचले तर दोन बादल्या आणि मायक्रोफायबरची फडकी घ्यावीत. कारण गाडीच्या चकाकीचा खरा घात पहाटे होतो. एकाच बादलीत, एकाच फडक्याने सोसायटीतल्या पंधरा गाड्या पुसल्या जातात आणि मागच्या चौदा गाड्यांची वाळू पंधराव्या गाडीवर गोल गोल फिरते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात ते याचे.

नवी गाडी घेणाऱ्याच्या बाबतीत हे त्याच्या आधीच, शोरूमच्या यार्डात, सुरू झालेलं असतं. पाडव्याला किंवा दसऱ्याला शेकडो गाड्या द्यायच्या असतात, कोरड्या फडक्याने धूळ झटकली जाते. म्हणून बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं की माझी गाडी पुसू नका, धुळीसकट द्या. विक्रेता चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे. पूजा खुशाल करावी, हळदीचा डाग उन्हाने आपोआप उडतो. कुंकू मात्र त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपावं, आणि झेंडूचा हार बॉनेटवर बांधताना त्याची तार कुठे टेकते ते आधी बघावं.