परीक्षेचे दार आणि कोर्टाची पायरी

दि. ८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर स्त्रियांना मुंबईच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजमध्ये परत जाऊन आपले पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. नायर रुग्णालयाशी जोडलेले हे कॉलेज. डॉ. पायल तडवी हिला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या खटल्यात ह्या तिघी आरोपी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना त्याच कॉलेजात परत जाऊ देण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून तो दरवाजा उघडला.

ही बातमी आली तेव्हा आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत मी तावातावाने बोललो. "मेलेल्या मुलीचे वर्ष कुणी मोजले नाही, आणि आरोपींचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून देशातले सर्वांत मोठे कोर्ट धावले," असे मी म्हणालो. टाळ्या पडल्या. बैठक संपल्यावर एम.ए.ची एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती म्हणाली, "सर, माझा भाऊ यंदा मेडिकलला पी.जी.ला लागलाय. उद्या त्याला त्रास झाला तर त्यानं आधी कुणाकडं जायचं?" मला उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवतो. टाळ्यांचे वाक्य मला सुचले होते, पण तिच्या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून ह्या प्रश्नाचा मागचा इतिहास मी वाचीत आलो आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. त्यात माझ्या पहिल्या भाषणाची दुरुस्तीही आहे.

वैद्यकीय शिक्षणाचे दार आणि कोर्टाची पायरी यांचा संबंध आपल्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. मद्रास प्रांतात सरकारी वैद्यकीय व इंजिनिअरिंग कॉलेजांतील जागा जातवार आदेशाने वाटल्या जात. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती यांना आणि १ मुसलमानांना, असा तो हिशेब होता. राज्यघटना अमलात आल्यावर त्याच वर्षी, १९५० साली, चंपकम दोराईराजन ह्या ब्राह्मण स्त्रीने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. तिने वैद्यकीय कॉलेजात प्रवेशासाठी अर्ज केल्याचे तिच्या प्रतिज्ञापत्रावरून दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे. आपल्याला प्रवेश मिळणार नाही असे चौकशीत कळले, एवढे तिचे म्हणणे होते. तरीही तिची तक्रार ऐकली गेली आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरविला. त्या आदेशाबरोबर अस्पृश्यांच्या दोन जागांचा आधारही गेला. तेव्हा केंद्रात कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी पहिल्या घटनादुरुस्तीची बाजू संसदेत मांडली. जून १९५१ मध्ये कलम १५ ला चौथे उपकलम जोडले गेले. आज आपली मुले ज्या कलमाच्या आधारावर वैद्यकीय कॉलेजात शिरतात, ते कलम ह्या पराभवातून जन्माला आले आहे.

ह्या प्रकरणाकडे मी एका वेगळ्या दृष्टीने पाहतो. अर्ज न करताही 'आपल्यावर अन्याय होणार' हे ओळखून कोर्टात जाण्याचे बळ त्या काळी कुणापाशी होते? ज्याच्या घरात वकील आहे, कायद्याची भाषा आहे आणि निकालापर्यंत थांबण्याची ऐपत आहे, त्याच्यापाशी. माझा बा मोंढ्यावर हमाली करायचा. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजने माझे हॉल तिकीट अडवून ठेवले. परीक्षेच्या आदल्या दिवशी बा दिवसभर ऑफिसच्या दारात उभा राहिला आणि संध्याकाळी मुकादमाकडून उचल घेऊन त्याने फी भरली. शिष्यवृत्तीसाठी मुलाची परीक्षा अडविता येते का, हे विचारण्यासारखे कुणी असते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. कोर्ट ही आमच्या लेखी समन्स आल्यावर जाण्याची जागा होती.

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात हा दरवाजा आणखी अरुंद होतो. १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून अखिल भारतीय कोटा निर्माण झाला. परंतु त्या कोट्यातील पदव्युत्तर जागांवर अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळण्यास २००७ साल उजाडावे लागले. दरम्यान १९९९ साली प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठाने सांगितले की, पदव्युत्तर प्रवेशासाठी खुल्या व राखीव गटांच्या किमान गुणांत फार मोठे अंतर ठेवता येणार नाही आणि अतिविशेष अभ्यासक्रमांत आरक्षणच असू नये. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, गुणवत्तेत तडजोड नको, हा त्यामागचा विचार. पुढे २०२३ साली पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा केंद्र सरकारने सर्वच गटांसाठी पात्रतेची पर्सेंटाईल मर्यादा शून्यावर आणली. म्हणजे परीक्षेत अगदी तळाशी असलेलाही समुपदेशनास पात्र झाला. आमच्या मुलांना वीस टक्क्यांवर बसविले तर रुग्णाचा जीव धोक्यात येतो, आणि जागा भरावयाच्या असल्या की शून्यही चालते! गुणवत्तेचा हा अन्वयार्थ आपल्या विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा.

प्रवेश मिळाला म्हणजे लढाई संपली असेही नाही. पदव्युत्तर विद्यार्थी हा एकाच वेळी विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर असतो. त्याचा प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीने पुढे जातो. शस्त्रक्रियेत हात लावू द्यायचा की केस पेपर लिहायला बसवायचे, हे वरिष्ठ ठरवितात. अंतिम परीक्षेत लेखी पेपरांबरोबर प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा असते, आणि तेथे समोरासमोर बसून नाव विचारले जाते. दिल्लीच्या 'एम्स'मधील जातीय भेदभावाची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. वसतिगृहात वेगळे पडणे, शिक्षकांनी दूर ठेवणे, तोंडी परीक्षेत आडवळणाने किंवा सरळ जात विचारणे, हे सारे विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे सांगितले. हे देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेत घडत होते.

पायल तडवी ही जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल समाजातली. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन २०१८ साली ती मुंबईत स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आली. २२ मे २०१९ रोजी तिने वसतिगृहाच्या खोलीत जीवन संपविले. तेव्हा ती २६ वर्षांची होती. वरिष्ठ सहकारी तिच्या जातीवरून तिला हिणवीत, तिचा छळ करीत, असा तिच्या घरच्यांचा आरोप आहे. आपण हे आधीच विभागाच्या कानावर घातले होते, असेही ते सांगतात. तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना जामीन मिळाला. त्यांनी आरोप नाकारले आहेत. खरेखोटे ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. मात्र २०२४ साल संपले तरी खटल्याचा निकाल लागलेला नव्हता.

आता माझ्या भाषणाची दुरुस्ती. मी सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश वाचला. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बदलून जाता येत नाही, ही भारतीय वैद्यक परिषदेची भूमिका त्यात आली आहे. म्हणजे त्याच विभागात परत जाणे किंवा शिक्षण सोडणे, एवढेच दोन मार्ग उरले होते. दोष सिद्ध होण्याआधी कुणाचे शिक्षण बंद पाडणे ही शिक्षाच होय, ह्या तत्त्वाला मी विरोध कसा करू? हे तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ साली अटक झालेले गडचिरोलीचे कार्यकर्ते महेश राऊत यांनी तुरुंगातून कायद्याची प्रवेश परीक्षा दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सिद्धार्थ विधी महाविद्यालयात प्रवेश घेण्याची परवानगी दिली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय. आपल्या वस्त्यांतली किती तरी पोरे आंदोलनातल्या गुन्ह्यांत अडकतात आणि ऐन परीक्षेच्या वेळी तारखा पडतात. आज मी आरोपीची परीक्षा अडवावी असे म्हटले तर उद्या त्यांच्यासाठी कोणत्या तोंडाने बोलू? परीक्षेचे दार आरोपीलाही उघडे असले पाहिजे. बैठकीत मी जे बोललो ते त्या मर्यादेत चुकीचे होते.

परंतु माझ्या रागाचे मूळ चुकीचे नव्हते. ज्या नियमामुळे आरोपींना दुसरे कॉलेज मिळू शकले नाही, तोच नियम पायललाही बांधून ठेवणारा होता. छळ सोसत राहणे किंवा डॉक्टरकीची पुढची वाट सोडून गावी परतणे, हेच दोन मार्ग तिच्यापुढेही होते. एका बाजूची कोंडी न्यायालयाने ओळखली, कारण ती वकिलामार्फत न्यायालयापुढे मांडली गेली. दुसऱ्या बाजूची कोंडी ती जिवंत असताना कुणापुढेही नीट मांडली गेली नाही. कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची असते. तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. टाळाटाळ करणारा प्रमुख गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याची नियमावलीही केली. तरीही २०१९ साली रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायलची आई आबेदा ह्या दोघींना मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागली. आपली मुले गेल्यानंतर दुसऱ्यांची वाचावीत म्हणून दोन माता कोर्टाची पायरी चढल्या.

त्या विद्यार्थिनीला मी आता उत्तर देऊ शकतो. भावाला सांग, पहिल्या दिवसापासून तारीखवार वही ठेव. तोंडी तक्रारीवर विसंबू नकोस. लेखी दे, पोचेची सही घे, आणि अर्जात १९९९ च्या कायद्याचे नाव व सात दिवसांची मुदत स्पष्ट लिही. आठव्या दिवशी त्याच्या वतीने विचारायला कुणीतरी उभे राहिले पाहिजे, आणि ते आपले काम आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला एकट्याला हे जमत नाही. त्याला आपल्या कामगिरीची, झोपेची आणि परीक्षेची भ्रांत असते. आपल्यातल्या शिक्षकांनी आपापल्या कॉलेजात भेदभावाची तक्रार कुणाकडे करावयाची, हे नाव एकदा विचारून पाहावे. मी माझ्या कॉलेजात विचारले तेव्हा दोन दिवस कुणालाच सांगता आले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते काम माझ्याकडेच सोपविण्यात आले. मी ते स्वीकारले आहे.

माझा बा ऑफिसच्या दारात एकटा उभा होता. आपल्या पुढच्या पोरांच्या बापांना तसे एकटे उभे राहावे लागू नये, एवढी व्यवस्था तरी पदवी मिळालेल्या आपल्या पहिल्या पिढीने केली पाहिजे.