जुन्या मोटारींचा सांभाळ

दसऱ्याच्या दिवशी आपल्या सौंसर-पांढुर्णा परिसरात शेतीच्या अवजारांबरोबर वाहनांचीही पूजा होते. नांगर, कोयता आणि विहिरीवरचा पंप यांच्या पंक्तीत दारातल्या गाडीलाही झेंडूची माळ पडते. त्याच दिवशी कोल्हापुरात छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार दसरा चौकाकडे निघते. १९३० च्या दशकातील, म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील ही मोटार आजही आपल्या पायांनी चालते, याचे पाहणाऱ्यांना मोठे अप्रूप वाटते. राजघराण्याला हे साधले, यात नवल नाही, असे कोणी म्हणेल. परंतु साध्या गृहस्थाच्या घरची पन्नास-साठ वर्षांची मोटार कशी टिकली, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तिचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

आपल्या या दोन तहसिली १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ज्या प्रांतात होत्या, त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर राजधानी भोपाळला गेली, पण आपली बाजारपेठ मात्र हलली नाही. संत्र्याची पेटी नागपूरला जाई आणि मोटारीचा सुटा भागही नागपूरहूनच येई. गाडी घ्यायची ती नागपुरात पाहून, आणि बिघडली तर दाखवायची तीही तेथेच, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे आपल्याकडील मोटारींची हकीकत ही पुष्कळशी मुंबई-नागपूरच्या मोटारींचीच हकीकत आहे.

ती थोडक्यात अशी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन मोटारी जोडल्या जात. पुढे १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी संबंध जुळून ११०० जातीची मोटार आली. तिच्या गोलसर, फुगीर आकारामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. तिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६४ मध्ये तिचे नवे रूप आले आणि त्याच घडणीची गाडी १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अँबॅसडर तयार होऊ लागली, तर मुंबईतच महिंद्र कंपनी जीप जोडू लागली होती. परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. देशी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी गाडी घरी आली की ती विकण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात मोटारींचे नमुने दशकानुदशके बदलले नाहीत, याबद्दल आपण त्या काळात पुष्कळ कुरकुर केली. जुन्या गाड्या वाचल्या त्या मात्र याच कारणाने. १०८९ सी.सी.चे ते फियाटचे इंजिन इटलीत बंद झाल्यावरही आपल्याकडे २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हजारोंनी तेच इंजिन होते. टॅक्सीला लागणारा प्रत्येक भाग बाजारात मिळे, आणि जो भाग टॅक्सीला मिळे तो सौंसरच्या घरगुती फियाटलाही बसे. जुन्या मोटारीचा खरा आश्रयदाता मुंबईचा टॅक्सीवाला होता, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

आमच्या घरची १९६० च्या दशकातील फियाट गोठ्याशेजारच्या छपराखाली बारा-तेरा वर्षे उभी होती. ती पुन्हा चालवावी असे मनात आले, तेव्हा आमच्याजवळ उत्साह होता, ज्ञान नव्हते. नवी बॅटरी लावली, ताजे पेट्रोल घातले, आणि स्टार्टर दाद देईना तेव्हा गिअरमध्ये टाकून चार जणांकडून गाडी ढकलली. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या झडपा आपल्या जागी चिकटून बसतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या घाईत दोन पुशरॉड वाकले. मग एका वृद्ध मिस्त्रींना घरी आणले. त्यांनी प्रथम आम्हांस बाजेवर बसवले आणि म्हटले, "भाऊ, झोपलेल्या माणसाला असं उठवतात का?" त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस गाडीला हात लावू दिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी हॅण्डलने इंजिन हळूहळू फिरवले. पुशरॉड नागपूरच्या एका हौशी गृहस्थांनी आपल्या जुन्या टॅक्सी-इंजिनातून काढून दिले. पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या. उद्या तुमच्याकडचं काही मला लागेल." सहा महिन्यांनी त्यांना दाराची एक मूठ हवी होती, ती आमच्या अडगळीत सापडली.

या देवघेवीलाच आम्ही जुन्या मोटारीचा सांभाळ म्हणतो. मोठ्या शहरांत तिला संस्थांचे रूप आले. दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. पुढे कलकत्ता, मुंबई येथेही हौशी मंडळींचे मेळावे भरू लागले. आपल्यासारख्या गावी संस्था नव्हती, पण विद्या होती. मे महिन्यात सिल्लेवानी घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, तर यांत्रिक पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून थांबावे, हे पुस्तकात वाचून कोणी शिकले नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, म्हणून ते टिकले.

आता मात्र हा आधार सुटत चालला आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईत अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर सुट्या भागांचा बाजारही आटू लागला आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉलचे प्रमाण वाढले असून, जुन्या कार्ब्युरेटरमधील आणि पंपातील रबरी पडदे त्याने लवकर खराब होतात. ते बदलून घेणे अगत्याचे झाले आहे. एक दिलासाही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. 'मूळ स्वरूपात' ही अट मात्र विसरू नये. चकाकीच्या मोहाने जुने भाग फेकून देणारा मालक आपल्याच गाडीची साक्ष पुसून टाकतो.

नागपूर-छिंदवाडा अरुंद रुळांची गाडी आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. लोधीखेडा, सौंसर, रामाकोना ही स्थानके घेत ती शंभरावर वर्षे धावली आणि नोव्हेंबर २०१५ अखेर थांबली. तिच्या जातीची इंजिने नागपुरात मोतीबागेच्या संग्रहालयात २००२ पासून जपून ठेवलेली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ती इंजिने पुन्हा सौंसरला येणार नाहीत. रेल्वे चालती ठेवणे कोणा घराण्याच्या हाती नव्हते. मोटार मात्र आपल्या हाती आहे, आणि तिची विद्या जाणणारे काही हात अजून आपल्यात आहेत.

म्हणून या परिसरातील जुन्या घराण्यांना आमची एक विनंती आहे. छपराखाली उभी असलेली गाडी भंगारवाल्यास देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावी. जुनी नोंदणीपुस्तिका, पावत्या, किल्ल्या सांभाळून ठेवाव्यात. गाडी राखणे शक्य नसेल तर निदान तिचे भाग दुसऱ्या हौशी माणसाच्या उपयोगी पडू द्यावेत. आणि घरी कोणी वृद्ध मिस्त्री आले, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. आमच्या मिस्त्रींचे सांगणे आम्ही अर्धेच टिपून घेतले. उरलेले विचारायला गेलो, तेव्हा ते नव्हते. यंदाच्या दसऱ्याला गाडी अंगणात काढली, तेव्हा माळ घालण्याआधी आम्ही ती वही गाडीच्या टपावर ठेवली आणि तिलाही हळदकुंकू वाहिले.