कुलाब्याचा भुंगा नेमका कुठला?

पेण किंवा रोह्यातून एखाद्या डार्कलिंग भुंग्याची ‘नवी नोंद’ छापायची म्हटली, की पहिला प्रश्न भुंग्याचा नसतो, ‘नवी’ या शब्दाचा असतो. नवी म्हणजे कशाच्या तुलनेत?

टेनेब्रिओनिडी हे कुळ प्रचंड आहे, जगभरात २०,००० हून जास्त जाती. साठवलेल्या पिठातला तांबूस ट्रायबोलियम याच कुळातला. बाकीचे बरेचसे सालीखाली, पाचोळ्यात, रात्री फिरणारे. त्यांच्याकडे बघतंय कोण! ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत लांब मिशांच्या भुंग्यांना १९०६ मध्येच खंड मिळाला, या कुळाला मिळालाच नाही. मग हॅम्बुर्गच्या हान्स गेबिएन यांची १९१०-११ ची जागतिक सूची उघडायची आणि तिथून विखुरलेल्या निबंधांकडे मागे मागे जायचं.

फार मागे गेलात की फॅब्रिशियस भेटतो. लिनियसचा हा शिष्य भारतात कधी आला नाही. डॅनिश वसाहतीतल्या तरंगंबाडीहून आलेले नमुने पाहून त्याने बरीच वर्णनं लिहिली. ठिकाण म्हणून कित्येकदा ‘इंडिया ओरिएंटालिस’ एवढंच. याचं भाषांतर ‘पूर्व भारत’ असं करू नका. तेव्हाच्या युरोपीय माणसाला त्यात सगळे ईस्ट इंडीज दिसायचे.

आपल्याकडचा खरा घोळ मात्र ‘कोलाबा’ या शब्दाचा. मुंबईचं दक्षिण टोक कुलाबा, आणि अलिबागच्या किल्ल्यावरून नाव पडलेला जिल्हाही कुलाबा. जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. म्हणजे जुन्या लेबलवर नुसतं ‘कोलाबा’ असेल तर तो नमुना मुंबईच्या बंगल्यातला, की रोह्याच्या रानातला? दुसरं खरं निघालं तर आपली ‘जिल्ह्यातली पहिली नोंद’ गेलीच. त्यातही १९४८ पर्यंत मुरूड-श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होते, त्यामुळे त्याआधीच्या ‘कोलाबा जिल्हा’ लेबलात ते धरता येत नाहीत.

हे सुटतं कसं? नमुना गोळा करणाऱ्याचं नाव आणि तारीख घ्या, त्याच आठवड्यातले त्याचे इतर नमुने शोधा. मुंबईला बीएनएचएसचा (स्थापना १८८३) संग्रह आहे, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. टाईप केलेल्या यादीवर थांबू नका, टाचणीवरचं मूळ लेबल बघायला मागा.

आणि निबंधात ‘भुंगा पेणपर्यंत पसरला’ असं लिहू नका. ‘पेणला सापडला’ इतकंच आपल्या हातात आहे. तो तिथे शंभर वर्षांपासून असेल, कुणी साल उचलून पाहिली नसेल.