खिळा, टायर आणि थर्माकोल

वाटूर फाट्यावर बर्फ भेटतो तो मे महिन्यात, रसवंतीच्या पेटीत. जालन्याहून मंठ्याकडे निघालेली गाडी इथे थांबते, लोक उतरून ग्लासभर रस पितात, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीचा मुलूख नजर पोहोचेल तिथवर पसरलेला असतो. अशा गावात स्की, बर्फातले बूट आणि गिर्यारोहणाचं हेल्मेट यांची गोष्ट काढली तर ऐकणारा हसेल. पण या सामानाचे सख्खे नातेवाईक इथे रोज फिरताना दिसतात. एक, शेतकऱ्याच्या पायातली टायरच्या तळाची चप्पल. दुसरा, मोटारसायकलच्या आरशाला अडकवलेलं हेल्मेट. आणि तिसरा तासाभराच्या अंतरावर, जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत कामगारांच्या डोक्यावरची पिवळी कडक टोपी.

आधी पायाकडे पाहू.

विसाव्या शतकाची पहिली तीस-पस्तीस वर्षं आल्प्समध्ये चढणारा माणूस जाड चामड्याचे बूट घाली आणि त्यांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकून घेई. कोणता खिळा टाचेला, कोणता चवड्याच्या कडेला, यावर गिर्यारोहकांचे तासन् तास वाद चालत. जिनिव्हाच्या फेलिक्स जेनेकांने दातेरी धारेचा खिळा काढला, तो ‘ट्रिकूनी’ या नावाने युरोपभर गेला. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या पायात असाच खिळ्यांचा बूट होता. खिळे गवतावर आणि कडक बर्फावर उत्तम धरत. पण लोखंड थंडी खेचतं. बाहेरचा गारठा खिळ्यांवाटे सरळ तळपायापर्यंत येई. उभ्या कातळावर तर खिळे घसरत. म्हणून लोक कड्याच्या पायथ्याशी हे जड बूट काढून ठेवत आणि मऊ, पातळ जोडे घालून वर जात.

१९३५ साली इटलीच्या सीमेवरच्या पुंता रासिका या शिखरावर याच रीतीने घात केला. चढाई चालू असताना हवा फिरली, वादळ आलं, आणि पातळ जोड्यांतल्या माणसांना गोठलेल्या कड्यावरून उतरता येईना. सहा जण दगावले. त्या मोहिमेत मिलानचा व्हिताले ब्रामानी होता. गिर्यारोहक तर तो होताच, शिवाय गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकानही चालवत असे. सहा मित्र गमावल्यावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली: कातळ, चिखल आणि बर्फ तिन्हींवर चालेल असा एकच तळ हवा, म्हणजे वाटेत बूट बदलायची वेळच येणार नाही.

त्यासाठी तो चांभाराकडे गेला नाही, टायरवाल्यांकडे गेला. पिरेली कंपनीच्या पाठबळावर त्याने गंधक घालून तापवलेल्या, म्हणजे व्हल्कनाइज केलेल्या रबराचा तळ घडवला. १९३७ मध्ये तो बाजारात आला. मध्यभागी अधिकाच्या चिन्हासारखे उंचवटे, कडेने दात. इटलीत या नक्षीला रणगाड्याचं नाव मिळालं आणि कंपनीला ब्रामानीच्या नावाआडनावाच्या तुकड्यांतून ‘व्हिब्रम’ हे. त्याच वर्षी ब्रामानी आणि एत्तोरे कास्तिल्योनी हे तळ घालून पिझ बादिलेचा वायव्य कडा चढून गेले. ३१ जुलै १९५४ रोजी इटालियन मोहीम के-टूच्या माथ्यावर पोहोचली तीही याच तळांवर. त्यानंतर खिळे बघता बघता संपले.

आठवडी बाजारात जुना टायर कापून चप्पल शिवणाऱ्या मराठवाड्यातल्या कारागिराने पिरेलीचं नावही ऐकलेलं नसेल; पण रस्त्यासाठी बनलेलं रबर माणसाच्या पायालाही चालतं, हे गणित दोघांनी सारखंच सोडवलं. फरक एवढाच की कारागीर टायरची नक्षी आहे तशी घेतो, ब्रामानीने ती पायाच्या मापाने नव्याने आखली. आणि नक्षीची हद्द कोणती ते वाटूरच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पहिल्या पावसात रानात शिरलं की चार पावलांत काळ्या मातीचा गोळा तळाला चिकटतो, खाचा भरून जातात आणि पाय मणाचा होतो. तो चप्पल हातात घेतो आणि अनवाणी चालू लागतो. महागड्या बुटाच्या तळातले उंचवटे एकमेकांपासून लांब का असतात, याचं उत्तर त्या गोळ्यात आहे: चिखल आपसूक गळून पडला पाहिजे.

सह्याद्रीत गोष्ट आणखी वेगळी. इथला कातळ बेसॉल्टचा, पावसाळ्यात शेवाळलेला. कडक रबराचा, खोल नक्षीचा परदेशी बूट या ओल्या कातळावर साबणासारखा सटकतो, कारण गुळगुळीत दगडाला फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात आणि कडक रबर दगडाच्या बारीक खाचाखोचांत दबत नाही. मुंबई-पुण्याच्या ट्रेकर मंडळींनी हे घसरून शिकलं. एक पिढी कॅनव्हासच्या हिरव्या ‘हंटर’ बुटांवर गडकोट फिरली, पुढची ‘अ‍ॅक्शन’च्या ट्रेकिंग बुटांवर. दोन्ही परदेशी बुटांच्या मानाने स्वस्त, दिसायला ओबडधोबड, पण रबर बऱ्यापैकी मऊ. मऊ रबर लवकर झिजतं, ही त्याची किंमत. दुकानात बूट उलटा करून अंगठ्याचं नख तळात रुतवून पाहणारा गिऱ्हाईक विक्रेत्याला विचित्र वाटतो खरा, पण तो योग्य तेच तपासत असतो.

हाच विचार टोकाला नेला की निव्वळ कातळ चढायचा जोडा तयार होतो. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या रानातल्या खडकांवर सराव करणाऱ्या पिएर आलाँने तळावरची नक्षीच काढून टाकली: गुळगुळीत रबर, वर कॅनव्हास. १९८२ मध्ये स्पेनच्या बोरेआल कंपनीने त्याला चिकट रबराची जोड दिली आणि चढाईची पातळीच बदलली. हा जोडा इतका घट्ट असतो की बोटं आत किंचित मुडपतात. लिंगाण्याच्या किंवा वजीर सुळक्याच्या कोरड्या कातळावर तो सोनं आहे. त्याच सुळक्यापर्यंतच्या घसाऱ्याच्या वाटेवर मात्र तो घालून चालणं म्हणजे स्वतःला शिक्षा. म्हणून चढणारे पाठीवर दुसरा जोडा बाळगतात. ब्रामानीला जी बदलाबदली संपवायची होती, ती अशी मागच्या दाराने परत आली.

बर्फात प्रश्न पकडीचा कमी, उबेचा जास्त. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूत एडमंड हिलरीचे बूट दगडासारखे गोठले होते, कारण रात्री त्याने ते काढून ठेवले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले. शेजारी तेनसिंग आपले रेनडिअरच्या कातड्याचे स्विस बूट पायातच ठेवून झोपला होता. आजचा उंचीवरचा बूट दुहेरी असतो. बाहेरचं कवच कडक, आतला मोजावजा बूट सुटा. रात्री आतला बूट स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, म्हणजे सकाळी स्टोव्ह चहासाठी मोकळा राहतो. असे बूट आपल्याकडच्या पायांतही आले: छत्रपती संभाजीनगरचे पोलीस शेख रफिक २०१६ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये पोहोचले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या जिल्ह्यातल्या मुलांना असले बूट घालून नुसतं चालणंही नव्याने शिकावं लागतं.

कवच कडक हवं त्याचं आणखी एक कारण लोखंडी आहे. ऑस्कर एकेनस्टाइन हा इंग्रज रेल्वे इंजिनिअर. १९०२ साली के-टूवरच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नाचा नेता तोच. त्याने १९०८ मध्ये बुटाखाली बांधायच्या दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा केला, आणि कूरमायरच्या आंरी ग्रिव्हेल या लोहाराने तो घडवला. पुढे लोहाराच्या मुलाने, लोराँने, चवड्यापुढे दोन दात वाढवले आणि उभ्या बर्फात पुढचे दात रोवून शिडीसारखं चढणं शक्य झालं. ट्रेकिंगचा लवचीक बूट पावलागणिक वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. मग पट्टे सैल होतात आणि दात नको तिथे सुटतात. दोन्ही हातांनी वाकवून जो बूट वाकतो, तो पुढच्या दातांच्या क्रॅम्पॉनला चालत नाही.

डोक्याची कथा मात्र डोंगरात सुरू होतच नाही. १९३५ चाच मे महिना. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला, पडला आणि सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. तो मृत्यू केर्न्सच्या मनातून जाईना. १९४१ मध्ये त्याने लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर अभ्यास छापला आणि हेल्मेटची बाजू आकडेवारीने मांडली. पुढे कवचाच्या आत दबणारा फेस आला. आजच्या हेल्मेटमधला पांढरा थर म्हणजे नेहमीच्या थर्माकोलचाच घट्ट भाऊ. धक्का बसला की तो चुरडतो आणि चुरडताना धक्का खातो. एकदाच. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी त्याचं आयुष्य संपलेलं असतं. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाही; पण शिक्क्याचं हेल्मेट आरशावर असेल तर ते आरसाच वाचवतं.

कारखान्यातली टोपी दुसऱ्या घराण्याची. सॅन फ्रान्सिस्कोचे बुलार्ड खाणकामाचं सामान विकत. मुलगा पहिल्या महायुद्धातून पोलादी शिरस्त्राण घेऊन परतला आणि १९१९ मध्ये त्याने वाफवलेल्या कॅनव्हासला सरस लावून कामगारांसाठी कडक टोपी काढली. १९३३ मध्ये गोल्डन गेट पुलाचं काम सुरू झालं तेव्हा ती तिथे सक्तीची झाली.

डोंगरात लोक फेल्टच्या टोपीत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून भागवत. साठच्या दशकात वेल्समध्ये जो ब्राऊन या गिर्यारोहकाच्या नावाची फायबरग्लासची हेल्मेटं निघाली आणि मग सवय लागली. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी अशी: पाच किलोचं वजन दोन मीटरवरून टाळूवर सोडतात, आणि डोक्याकडे पोहोचणारा जोर दहा किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. म्हणजे भीती धरली आहे ती वरून येणाऱ्या दगडाची. सह्याद्रीत हा दगड दोराने घासून सुटतो, पुढच्याच्या पायाखालून निसटतो, कधी वानरंही ढकलतात. खाली ‘दगड!’ अशी आरोळी पोहोचेपर्यंत दगडही पोहोचलेला असतो.

मग कारखान्यातलीच टोपी का नको? स्वस्तही पडेल. उत्तर हनुवटीच्या पट्ट्यात आहे. युरोपीय नियमानुसार कारखान्याच्या टोपीचा पट्टा पंधरा ते पंचवीस किलोच्या ओढीला सुटलाच पाहिजे, नाहीतर टोपी यंत्रात अडकली तर माणसाला फास बसेल. गिर्यारोहणाचा पट्टा पन्नास किलोच्या ओढीलाही सुटता कामा नये, कारण पडणारा माणूस कड्यावर दोनतीनदा आपटतो आणि दुसऱ्या आपटण्याच्या वेळी हेल्मेट डोक्यावरच हवं. दिसायला सारख्या दोन वस्तू, एकीचा गुण तो दुसरीचा दोष. मोटारसायकलचं हेल्मेट तर कान झाकतं, जड असतं आणि वर बघायला मान मोडावी लागते.

स्कीच्या उतारावर वरून काही पडत नाही, माणूसच कुठेतरी जाऊन धडकतो. म्हणून स्कीचं हेल्मेट बाजूंनी खाली उतरतं. डिसेंबर २०१३ मध्ये फ्रान्सच्या मेरिबेलला मोटारशर्यतपटू मायकेल शूमाकरचं डोकं खडकावर आपटलं तेव्हा ते त्याच्या डोक्यावर होतं. ते नसतं तर तो इस्पितळापर्यंतही पोहोचला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

स्की स्वतः हजारो वर्षं जुनी, पण आजच्या स्कीचं कूळ नॉर्वेच्या मोर्गेदाल खेड्यातल्या सोंद्रे नोरहाइमकडे जातं. त्याने पिळलेल्या मुळ्यांनी टाच बांधली आणि लाकडी फळी कमरेत बारीक केली, त्यामुळे ती वळू लागली. १८६८ मध्ये तो राजधानीत जाऊन सगळ्यांना चकित करून आला. पुढे अमेरिकेत हॉवर्ड हेड हा विमानांचा इंजिनिअर १९४७ मध्ये पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला, सारखा पडला, आणि दोष लाकडाला दिला. असा दोष सगळेच देतात. हेडने १९५० मध्ये अॅल्युमिनियमचे पत्रे आणि लाकडी गाभा एकत्र चिकटवून खरोखरच नवी स्की बाजारात आणली. ती इतकी सहज वळे की लोक तिला फसवणूक म्हणू लागले.

राहिला तो बूट आणि स्की यांमधला सांधा, म्हणजे बाइंडिंग. १९३७ मध्ये ओरेगनमध्ये ह्यालमार व्हाम या नामांकित स्कीपटूचा पाय मोडला, कारण पडताना स्की पायाला घट्ट बांधलेली होती. इस्पितळातल्या खाटेवरच त्याने कागद-पेन्सिल मागवून पडताना आपोआप सुटणारं बाइंडिंग रेखाटलं. आजच्या बाइंडिंगवर एक छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा. स्क्रू फिरवला की आतली स्प्रिंग आवळते आणि आकडा वाढतो. गुलमर्ग किंवा औलीला भाड्याने स्की घेताना हा आकडा आपल्यासाठी लावला आहे ना, हे स्वतः वाकून पाहावं. तो वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तक्त्यातून काढतात, आणि घरचे ट्रेकिंगचे बूट तिथे उपयोगाचे नसतात. तक्त्यात आणखी एक रकाना असतो, स्की करणाऱ्याच्या प्रकाराचा: जपून जाणारा, मधला आणि बेधडक. पहिल्यांदाच बर्फावर उभं राहणाऱ्याने पहिलाच प्रकार सांगायचा. त्यात स्प्रिंग सैल बसते आणि पडल्याबरोबर पाय मोकळा होतो.