एक्सेलमधील परक्या फाइलींचे दुवे

मार्चअखेरीस हिशेबाची फाइल उघडावी आणि 'या फाइलमध्ये बाहेरील स्रोतांशी जोडलेले दुवे आहेत, ते अद्ययावत करायचे का?' अशा आशयाची सूचना पडद्यावर यावी, हा अनुभव एक्सेल वापरणाऱ्या अनेकांना असतो. बहुतेक जण 'नको' म्हणून पुढे जातात. मात्र काही आकडे या फाइलमधले नसून दुसऱ्या फाइलमधून आणलेले आहेत, असा त्या सूचनेचा अर्थ असतो. मूळ फाइल हलविली वा पुसली गेली, तरी तिच्यातून शेवटचा घेतलेला आकडा सेलमध्ये तसाच दिसत राहू शकतो. तो जुना आहे, हे नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे ताळेबंद लेखापरीक्षकाच्या हाती देण्यापूर्वी असे दुवे शोधणे इष्ट ठरते.

सूत्रातील खूण

बाहेरील फाइलचा संदर्भ असलेल्या सूत्रात त्या फाइलचे नाव चौकोनी कंसात असते. त्यानंतर शीटचे नाव, उद्गारचिन्ह आणि सेलचा पत्ता येतो. मूळ फाइल बंद असेल, तर तिच्या फोल्डरचा संपूर्ण मार्गही सूत्रात दिसतो.

शोध घेण्यासाठी कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबावीत. 'ऑप्शन्स' उघडून 'विदिन'मध्ये 'वर्कबुक' आणि 'लुक इन'मध्ये 'फॉर्म्युलाज' निवडावे. शोधशब्द म्हणून टिंब व त्यापुढे एक्स आणि एल ही इंग्रजी अक्षरे लिहून 'फाइंड ऑल' दाबावे. एक्सेलच्या नेहमीच्या फाइलींच्या नावांचा शेवटचा भाग याच अक्षरांनी सुरू होतो. केवळ चौकोनी कंस शोधल्यास 'टेबल'मधील अंतर्गत संदर्भही सापडतात आणि गोंधळ होतो.

'डेटा' टॅबवरील 'एडिट लिंक्स'मध्ये जोडलेल्या फाइलींची यादी मिळते. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या आवृत्त्यांत हीच सोय 'वर्कबुक लिंक्स' या नावाने आहे.

दडलेले दुवे

सेलमध्ये काहीच सापडत नाही, तरीही सूचना येते, असेही घडते. अशा वेळी 'फॉर्म्युलाज' टॅबवरील 'नेम मॅनेजर' प्रथम पाहावा. जुन्या फाइलमधून शीट नकलून आणताना तिच्यातील नावेही सोबत येतात. त्यानंतर आलेखांच्या मालिका, 'डेटा व्हॅलिडेशन' आणि 'कंडिशनल फॉर्मॅटिंग' तपासावे. नेहमीचा शोध या जागांपर्यंत पोहोचत नाही.

तोडण्यापूर्वी

'ब्रेक लिंक' दाबल्यावर सूत्राच्या जागी त्या क्षणीचा आकडा कायमचा बसतो. ही क्रिया 'अनडू'ने मागे घेता येत नाही. म्हणून आधी फाइलची प्रत ठेवावी, मूळ फाइल उपलब्ध असल्यास आकडे अद्ययावत करून पडताळावेत आणि मगच दुवा तोडावा. मूळ फाइल केवळ दुसरीकडे हलविली असेल, तर 'चेंज सोर्स'ने नवा मार्ग देणे पुरेसे असते.

आणखी एक दक्षता महत्त्वाची आहे. बाहेरून आणलेल्या आकड्यांची प्रत एक्सेल सामान्यतः फाइलमध्येच साठवून ठेवते. दुवे तसेच ठेवून फाइल ई-मेलने पाठविल्यास ते आकडे आणि आपल्या फोल्डरांची नावेही समोरच्याच्या हाती जातात. पगारपत्रकाशी जोडलेल्या अंदाजपत्रकाबाबत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.